शर्यतीच्या माळावर कारागिराने काय पाहावे?

घोड्यांची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर महालक्ष्मीचे रेसकोर्स येते. हातात शर्यतीचे पुस्तक धरून आकडे जुळवणारी गर्दी येते आणि संध्याकाळी रिकाम्या खिशाने घरी परतणारा माणूस येतो. तेव्हा व्यापाराच्या पानावर शर्यतीच्या मैदानाची माहिती कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. प्रश्न रास्त आहे. परंतु घोडा धावतो तो एकट्याच्या बळावर नाही. त्याच्या पाठीवर खोगीरवाल्याचे काम असते, पोटाखाली तंग शिवणाऱ्याचे, खुराखाली नालबंदाचे आणि स्वाराच्या अंगावर शिंप्याचे. हे सगळे आपल्या कारागीर बांधवांचे पिढीजात धंदे होत. त्यांची आजची अवस्था, मागणी आणि भाव एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर इंग्लंडमधील खेड्यातल्या एखाद्या शर्यतीच्या माळासारखी जागा नाही. ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत किंवा जे माल दाखवायला लंडनला जातात, त्यांनी एक दिवस बाजूला काढून गुडवूड पाहावे, अशी आमची शिफारस आहे.

गुडवूड हे लंडनच्या दक्षिणेला वेस्ट ससेक्स जिल्ह्यात, चिचेस्टर गावाच्या उत्तरेस सुमारे पाच मैलांवर आहे. रिचमंडच्या ड्यूक घराण्याची ही जहागीर. तिसऱ्या ड्यूकने स्थानिक लष्करी अधिकाऱ्यांसाठी इथे शर्यत ठेवली आणि 1802 पासून ती लोकांसाठी खुली झाली. ससेक्सचे डोंगर खडूच्या दगडाचे आहेत. त्यांच्यावर मातीचा थर पातळ असल्याने पावसाचे पाणी खाली झिरपते आणि वर हिरवे, दाट, आखूड गवत राहते. या डोंगरांच्या माथ्यावरच धावपट्टी आहे. ती आपल्या रेसकोर्ससारखी सपाट गोल नाही. चढउताराची आणि वळणावळणाची आहे. सभोवार बीच वृक्षांची राई, उतारावर शेते आणि दूर दक्षिणेला समुद्राची रेघ. आसपासचा डोंगराळ प्रदेश 2010 मध्ये साऊथ डाऊन्स या नावाने राष्ट्रीय उद्यान झाला. इंग्लंडमधील सर्वांत देखणे रेसकोर्स म्हणून गुडवूडचे नाव अनेक जण घेतात.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून चिचेस्टरला गाडीने साधारण दीड तास लागतो. शर्यतीच्या दिवशी तिथून बसची सोय असते. हंगाम मे ते ऑक्टोबर. जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला येणारी पाच दिवसांची मोठी जत्रा सर्वांत प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत तिकीट महाग आणि गर्दी दाट असते. ज्याला काम पाहायचे आहे, हौस करायची नाही, त्याने मे, जून किंवा सप्टेंबरमधला साधा दिवस निवडावा. मैदानाचे तीन भाग आहेत : रिचमंड, गॉर्डन आणि लेनॉक्स. तिन्ही नावे ड्यूकच्याच घराण्याची. रिचमंड भागात मोठ्या जत्रेला कोट-टायशिवाय प्रवेश मिळत नाही. लेनॉक्स सर्वांत स्वस्त.

ज्याला एवढाही खर्च नको, त्याच्यासाठी जुनी वाट आहे. मैदानाला लागूनच ट्रंडल नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर लोहयुगातल्या किल्ल्याचे मातीचे तट अजून दिसतात. या टेकडीवर चटई पसरून, घरचा डबा खात शर्यत पाहण्याची गावकऱ्यांची रीत फार जुनी आहे. वरून सगळी धावपट्टी तळहातासारखी दिसते आणि उलट बाजूला चिचेस्टरच्या चर्चचा उंच मनोरा. खाली मैदानात दारूचे तंबू जागोजागी असतात आणि हलाल जेवणाची खात्री नसते, म्हणूनही डबा बरोबर असलेला बरा.

आता सट्ट्याचा विषय. तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. घोडे पळवणे आपल्या धर्मात निषिद्ध नाही. इब्ने उमर (रजि.) यांच्या रिवायतीनुसार पैगंबर (स.) यांनी तयार केलेले घोडे हफयापासून सनियतुल वदापर्यंत पळवले आणि न तयार केलेले घोडे त्याहून कमी अंतरावर. इब्ने उमर स्वतः त्या शर्यतीत होते. घोडा, उंट आणि तिरंदाजी यांच्या स्पर्धेत बक्षीस ठेवण्याची मुभाही हदीसमध्ये आहे. बाहेरच्या बघ्यांनी पैसे लावणे मात्र जुगारच. दुबईत 1996 पासून दुबई वर्ल्ड कप ही जगातील अति श्रीमंत शर्यतींपैकी एक होते. तिथे मैदानावर पैसे लावण्याची व्यवस्थाच नाही. बक्षिसाचा पैसा राज्यकर्ते व प्रायोजक यांच्याकडून येतो. इंग्लंडमध्ये तसे नाही. तिथे 1961 च्या कायद्यापासून बुकींकडून पट्टी घेतली जाते आणि 2017 पासून ती ब्रिटिश शर्यतींवरील त्यांच्या ढोबळ नफ्याच्या, पहिले पाच लाख पौंड सोडून, 10 टक्के आहे. या पट्टीतून बक्षिसांचा काही भाग भरला जातो. म्हणजे पैसा मिसळलेला आहे, हे उघड आहे.

मग अशा मैदानासाठी खोगीर शिवणाऱ्याची रोजी कशी समजायची? आमच्या समजुतीप्रमाणे, घोड्याला खोगीर विकणारा घोड्याचे सामान विकतो. तेच खोगीर रपेटीला, पोलिसाला, शाळेतल्या मुलाला चालते. बुकीच्या ठेल्यासाठी पाट्या रंगवून देणे ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हींच्या मध्ये बरीच कामे येतात. तिथे ज्याला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना नेमके काम सांगून विचारावे. नुसते 'रेसचा धंदा' असे मोघम विचारले तर उत्तरही मोघमच मिळेल.

गुडवूडला गेल्यावर सर्वांत आधी डोळ्यांत भरतात त्या टोप्या. उन्हाळी जत्रेला पुरुषांनी फिकट लिनन सूट आणि पांढरी पनामा टोपी घालण्याची तिथे प्रथा आहे. ही टोपी पनामाची नाही. ती दक्षिण अमेरिकेतील इक्वादोर देशात, टोकिया नावाच्या ताडासारख्या झाडाच्या पात्यांपासून हाताने विणतात. मोंतेक्रिस्ती गावचे बारीक विणकामाचे कारागीर एका टोपीला महिनोन्‌महिने लावतात. माल पनामाच्या बंदरांतून जगभर गेला म्हणून नाव पनामाचे पडले. 1906 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पनामा कालव्याचे काम पाहायला गेले, तेव्हा ही टोपी घातलेली त्यांची छायाचित्रे छापून आली आणि ते नाव कायमचे चिकटले. युनेस्कोने 2012 मध्ये इक्वादोरच्या या विणकामाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. परंतु दुकानात गिऱ्हाईक अजून पनामाच मागते. विणणाऱ्याच्या गावाचे नाव गेले ते गेलेच.

घोड्यांचेही असेच झाले आहे. आज जगात शर्यतीला धावणारी थरोब्रेड जात तीन मूळ घोड्यांपासून निघाली असे मानतात : बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. सर्व थरोब्रेडची पितृवंशावळ या तिघांपैकी एकाकडे जाते, त्यातही बहुतेकांची डार्लीकडे. हा डार्ली घोडा 1704 मध्ये हलब शहरातून, म्हणजे आजच्या सीरियातल्या अलेप्पोतून, टॉमस डार्ली नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने यॉर्कशायरला धाडला. बायर्ली हा घोड्यावर बसून लढाईला गेलेला कप्तान, गोडॉल्फिन हा घोडा ठेवणारा उमराव. तिन्ही घोडे पूर्वेकडचे, तिन्ही नावे घेणाऱ्यांची. ज्यांनी ते घोडे वाढवले, त्यांची वंशावळ तोंडपाठ ठेवली, ते लोक कोण होते हे आज कुणाला ठाऊक नाही. मुंबईही या व्यापारात होती. एकोणिसाव्या शतकात बसरा आणि आखाताच्या इतर बंदरांतून अरबी घोडे गलबतांनी मुंबईला उतरत आणि इथल्या अरब सौदागरांच्या तबेल्यांतून फौजेला व शर्यतीच्या शौकिनांना विकले जात.

गंमत अशी की, दुबईचे शेख मोहम्मद बिन राशिद अल मक्तूम यांनी आपल्या घोडे-पैदाशीच्या धंद्याला डार्ली आणि शर्यतीच्या तबेल्याला गोडॉल्फिन हीच नावे दिली. गेलेले नाव परत विकत घ्यायचे तर ते असे! गुडवूडच्या माळावर अरबांचा पैसा आणि घोडे आता नवे राहिलेले नाहीत. इथली ससेक्स स्टेक्स ही एक मैलाची मानाची शर्यत. ती सौदीच्या प्रिन्स खालिद अब्दुल्ला यांच्या फ्रँकेल या घोड्याने 2011 आणि 2012 अशी लागोपाठ जिंकली. 2022 मध्ये ती दुबईच्या शेख हमदान यांनी उभ्या केलेल्या शॅडवेल तबेल्याच्या बईद या घोड्याने जिंकली. 2015 मध्ये कतारने उन्हाळी जत्रेचे प्रायोजकत्व घेतले.

पण आपल्या वाचकाने शर्यतीच्या शेवटच्या खांबापाशी गर्दी करण्याऐवजी पॅडॉकपाशी उभे राहावे. पॅडॉक म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवण्याची जागा. दोन शर्यतींमध्ये साधारण 35 मिनिटे असतात, आणि कारागिराला शिकण्यासारखे जे आहे ते याच 35 मिनिटांत घडते. पॅडॉकजवळच्या खोपटांत घोड्यावर खोगीर चढवतात. प्रथम पाठीवर मऊ शॅमॉय चामड्याचा किंवा फोमचा तुकडा, म्हणजे खोगीर घसरत नाही. मग वजनाचे कापड. स्वाराचे वजन ठरल्यापेक्षा कमी भरले तर याच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या घालतात. त्यावर नंबराचे कापड, मग खोगीर, मग तंग आणि वरून आणखी एक पट्टा. शर्यतीचे खोगीर पाहून आपला जीनगर चकित होईल. कित्येक खोगिरे एक किलोहूनही हलकी असतात. स्वाराला शर्यतीआधी आणि नंतर खोगिरासकट तराजूवर बसावे लागते, त्यामुळे ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब असतो. एवढ्या हलक्या वस्तूने ताशी साठ किलोमीटरच्या वेगात माणसाला धरून ठेवायचे! टाका तुटला तर माणूस जिवानिशी जातो. म्हणून तिथला खरेदीदार भाव विचारण्याआधी शिवण ओढून पाहतो.

तिथेच घोडा फिरवणारे मोतद्दार पाहावेत. इंग्लंडमध्ये बहुतेक शर्यतींआधी सर्वांत नीटनेटका ठेवलेला घोडा निवडून त्याच्या मोतद्दाराला रोख बक्षीस देतात. घोडा जिंको वा हरो, या बक्षिसाचा त्याच्याशी संबंध नाही. लगामाचे चामडे तेल लावून चमकवलेले, आयाळ बारीक वेण्यांत गुंफलेली, खुरांना तेल. सगळ्या मैदानात पैसा न लावता कमावलेले हे सर्वांत प्रामाणिक बक्षीस असावे.

चाबूक बनवणाऱ्यांसाठी एक इशारा. शर्यतीचा चाबूक आता कातडी वेणीचा राहिलेला नाही. आत फोम भरलेला, मऊ आवरणाचा चाबूकच चालतो आणि 2023 पासून ब्रिटनमध्ये सपाट शर्यतीत सहापेक्षा जास्त फटके मारले तर स्वारावर कारवाई होते. स्वाराचे शिरस्त्राण आणि अंगरक्षक जाकीट यांनाही प्रमाणपत्र लागते. घरगुती कारखान्यात या तीन वस्तूंच्या मागे लागू नये. तंग, लगाम, दोऱ्या, घोड्याच्या झुली आणि स्वाराचे रंगीत कपडे यांत वाव आहे. प्रत्येक मालकाचे रंग नोंदवलेले असतात, दुसऱ्याला ते वापरता येत नाहीत. त्यामुळे ऑर्डर लहान लहान येतात आणि बारीक शिंपीकामाला चांगला भाव मिळतो.

नालबंदांची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे नालबंद हे आडनाव घरोघर आहे, पण हातात हातोडी असलेले नालबंद महालक्ष्मी, पुण्याचे रेसकोर्स, फौजेचे तबेले आणि टांग्यांची काही गावे एवढ्यापुरते उरले. इंग्लंडमध्ये घोडे रस्त्यावरून कधीच गेले, तरी नालबंदाचा मान वाढला. 1975 च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या माणसाने घोड्याला नाल ठोकणे हा गुन्हा ठरला. नोंदणीसाठी मान्यताप्राप्त नालबंदाच्या हाताखाली सुमारे चार वर्षे उमेदवारी करावी लागते. परीक्षा लंडनच्या नालबंदांच्या संघाच्या नावाने होते. हा संघ 1356 पासूनचा आहे. शर्यतीच्या घोड्याला सरावासाठी पोलादी आणि शर्यतीसाठी हलके ॲल्युमिनियमचे नाल लागतात. खूर वाढत असल्याने चार ते सहा आठवड्यांनी काम पुन्हा येते. इमानी नालबंदाला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. शाळेत मन न रमलेल्या, पण हात चांगला असलेल्या मुलाचे जे नातेवाईक तिकडे स्थायिक आहेत त्यांनी या उमेदवारीची चौकशी जरूर करावी. आपला बाप-आजा जे काम करून अर्धपोटी राहिला, तेच काम तिथे परवान्याचे आहे.

खोगिराचे गाव मात्र गुडवूडजवळ नाही. ते बर्मिंगहॅमच्या शेजारी वॉल्सॉल. तिथल्या फुटबॉल संघालाही लोक खोगीरवाले म्हणतात. एकेकाळी तिथे हजारो माणसे चामड्याच्या कामात होती. काही लोक लगामाच्या लोखंडी कड्या आणि रिकिबी घडवत, काही लाकडी सांगाडा करत, काही शिवत. मोटार आली आणि खोगीर बसले. तेव्हा वॉल्सॉलच्या हुशार कारखानदारांनी त्याच सुया, त्याच रापी घेऊन पाकिटे, पर्स आणि हँडबॅगा सुरू केल्या. राणी एलिझाबेथच्या हातात कायम दिसणाऱ्या लाऊनर कंपनीच्या बॅगा वॉल्सॉलमध्येच बनत. आपल्या धारावीतल्या चामड्याच्या बाजाराला ही चाल ओळखीची वाटेल. ज्यांनी खोगीर सोडले नाही त्यांनी भाव वाढवला. मेणाच्या दोऱ्याने दोन सुयांची हातशिवण आणि खोगिराच्या झडपेखाली कारखान्याचा ठसा.

हा ठसा पाहण्यासाठीच एखादे खोगीर हातात घेऊन झडप उचलावी. इंग्लंडच्या दुकानांत स्वस्त खोगिरे आणि लगाम भारतातून येतात, त्यात कानपूरचा वाटा मोठा आहे. 1860 च्या दशकात इंग्रज सरकारने फौजेसाठी कानपूरला जिनांचा कारखाना काढला. बाभळीच्या सालीत कमवलेल्या चामड्याची तिथे सोय होती. त्यातून जाजमऊच्या टॅनऱ्या आणि खोगीरवाल्यांच्या पिढ्या उभ्या राहिल्या, त्यांत मोठा भाग मुसलमान. त्यांचा बराच माल खरेदीदाराच्या नावाने विकला जातो. कानपूर सॅडलरी या नावाला भारतात भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली आहे, पण झडपेखाली ते नाव क्वचितच दिसते. टोपी आणि घोडा यांच्या बाबतीत जे झाले तेच इथे चालू आहे.

यात सगळा दोष खरेदीदाराचा नाही. आपला नमुना उत्तम आणि पाचशेवा नग ढिला, ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही. पहिल्या खोगिरात इंचाला आठ टाके आणि शेवटच्यात सहा, असे झाले की खरेदीदार आपल्या मालावर नाव आमचे लावू देत नाही आणि भावही चढू देत नाही. दुसरी अडचण रसायनांची. युरोपात 1 मे 2015 पासून अंगाला लागणाऱ्या चामड्यात षट्‌संयुजी क्रोमियम किलोला 3 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असले तर माल विकता येत नाही. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावरही हा नियम आपल्या कायद्यात ठेवला. लगाम स्वाराच्या उघड्या हातात असतो, म्हणून खरेदीदार तपासणी मागतो. चामडे विकत घेताना टॅनरीकडून प्रयोगशाळेचा दाखला त्या-त्या खेपेचाच घ्यावा. मागच्या वर्षीचा कागद दाखवून माल सोडवणारे पुढे अडकतात. सालीत कमवलेल्या चामड्याला मुळात क्रोमियम लागत नाही, हा आपल्या जुन्या पद्धतीचा फायदा आहे.

भारत आणि ब्रिटन यांच्यातील व्यापार करारावर 24 जुलै 2025 रोजी सह्या झाल्या. चामड्याच्या मालावरील ब्रिटनची जकात काढण्याची तरतूद त्यात आहे. सवलत मिळवायची तर माल भारतातच बनल्याचा उगम दाखला लागतो, म्हणून बकल, रिकीब वगैरे जोडसामान कुठून घेतले याची बिले नीट ठेवावीत. निर्यातदार नसलेल्या लहान कारखानदाराने आधी चर्म निर्यात परिषदेच्या कार्यालयात आपल्या वस्तूचा जकात क्रमांक आणि त्यावरचा दर विचारून घ्यावा, आणि ठशाची गोष्ट नमुना पाठवतानाच, भाव ठरण्याआधी, पत्रात लिहावी.